पाठीवरचा बूट

आधीच सांगते, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ असतील आणि अक्षरही वेडंवाकडं आहे. मी चौथीपर्यंत शिकले. पुढे आयुष्यभर लिहायचं म्हणजे किराण्याची यादी आणि बँकेत सही, एवढंच. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर त्याने चुकांचा राग मानू नये. मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. एक गोष्ट मला वेळेवर तोंडाने बोलता आली नाही, नंतरही आली नाही. ती कागदावर तरी नीट ठेवावी म्हणून बसले आहे.

मी मेलबर्नला आले ती मुलीच्या बाळंतपणासाठी. मे महिन्यात परतीचं तिकीट होतं. मार्चमध्ये करोना आला आणि विमानं बंद झाली. जावई म्हणाले, "आई, नो वरीज, व्हिसा वाढतो." व्हिसा वाढला आणि मी राहिले. ग्लेन वेव्हर्लीत त्यांचं भाड्याचं घर आहे. त्याच आवारात मागे एका खोलीचं युनिट आहे, तिथे एक जर्मन म्हातारे एकटे राहायचे. कपड्यांची तार, कचऱ्याचे डबे आणि आलुबुखाराचं झाड दोन्ही घरांत मिळून. मी मनात त्यांना मागचे आजोबा म्हणायचे. मला इंग्रजी येत नाही आणि त्यांना मराठी कुठून येणार. सकाळी तारेपाशी दिसले की ते टोपी उचलायचे आणि मी बादली घेऊन आत पळायचे.

एके दिवशी तारेवर त्यांचा एक कोट वाळत होता. पिवळाधमक, बशीएवढी लाल बटणं, आणि एक बाही दुसरीपेक्षा वीतभर लांब. मुलगी खिडकीतून बघून म्हणाली, "आजोबांचा फॅन्सी ड्रेस दिसतोय." पण हा माणूस काय काम करत असणार ते मला कोट पाहूनच कळलं. ती बाही चुकून लांब झालेली नव्हती. लोकांनी हसावं म्हणून मोजून शिवलेली होती. असे कपडे मी लहानपणी धुतले आहेत.

माझे वडील तमाशात सोंगाड्या होते. हे मी लग्नानंतर कुणाला सांगितलेलं नाही. सासरी सांगताना मावशीने शेती करायचे असं सांगितलं, तेच पुढे चालत राहिलं. मुलीलाही तेच माहीत आहे. आई-वडील आठ महिने फडाबरोबर गावोगाव आणि मी मावशीकडे. शाळेत पोरं म्हणायची, "बापासारखं तोंड करून दाखव की." मी कसंही तोंड केलं, रडवेलं केलं तरी हसायची. चौथीची परीक्षा झाली आणि मी मावशीला सांगितलं, आता मला शाळेत जायचं नाही. तेव्हापासून चारचौघांत हसू आलं की मी पदर तोंडावर धरते आणि आतल्या आत दाबून टाकते. ती सवय हाडात बसली आहे.

बाळ झाल्यावर मी डिंकाचे लाडू केले होते. मुलीच्या सांगण्यावरून एक वाटी मागच्या आजोबांच्या दाराशी ठेवली. त्यांनी तिथेच उभं राहून एक लाडू तोंडात घातला आणि त्यांचे दात एकमेकांना चिकटले. म्हणजे चिकटल्याचं सोंग केलं. एका हाताने वरचा जबडा धरला, दुसऱ्याने खालचा, आणि झाडाला पाय टेकून ओढायला लागले. मी पदर तोंडात कोंबून घरात आले. मुलीने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, ठसका लागला.

पुढे लॉकडाऊनमध्ये एकट्या राहणाऱ्या माणसाला एका घराशी येण्याजाण्याची सूट मिळाली, तेव्हा त्यांनी आमचं घर सांगितलं. रोज दुपारी जेवायला यायचे. वरणभातावर तूप बघून खुर्चीतून अर्धं उठून मला सलाम करायचे. एकदा फोटोंचा जाडजूड अल्बम घेऊन आले. मुलगी बाळाला पाजत बसली होती. ती एकेक फोटो बघून मला मराठीत सांगत होती.

त्यांचे वडील बेकरीवाले. यांना मात्र मोठं, गंभीर गाणं गायचं होतं, आणि ते रीतसर शिकलेही होते. रेडिओवरच्या एका स्पर्धेत विरहाचं गाणं म्हणताना त्यांना उचकी लागली ती थांबेना. लोक हसून हसून बाकांवरून घसरले. बक्षीस गेलं. रडत जिना उतरत होते तेवढ्यात रेकॉर्ड काढणारा एक माणूस मागून आला आणि म्हणाला, "ती उचकी परत लागेल का?" मग ती पंचवीस वर्षं लागत राहिली. टीव्हीवर आले, मासिकांच्या पहिल्या पानावर आले. एकाच पायात बूट घालून ते गायचे, म्हणून त्या काळी जर्मनीतली शाळेची पोरं एक बूट काढून हिंडायला लागली आणि मास्तरांनी तक्रारी केल्या. ते सांगताना ते असे खूश झाले की मला माझ्या शाळेतली पोरं आठवली आणि मी उठून पोळ्या लाटायला गेले.

नंतर लोकांना दुसरं काही आवडायला लागलं. मग बिअरचे तंबू, दुकानांची उद्घाटनं, शेवटी बोटीवरचे कार्यक्रम. एका बोटीबरोबर ते ऑस्ट्रेलियात उतरले. इथल्या जर्मन लोकांनी त्यांना उचलून धरलं. लग्न झालं, राहिले, बायको गेली. मधे एकदा पदरचे पैसे घालून त्यांनी गंभीर गाण्यांची रेकॉर्ड काढली होती, एकही उचकी नसलेली. ती कुणी घेतली नाही. त्या रेकॉर्डचे खोके त्यांच्या पलंगाखाली होते.

मुलीने विचारलं, अजून गाणी पाठ आहेत का? ते म्हणाले, "ओळी मला आठवत नाहीत. लोक हसले की पुढची ओळ आपोआप येते."

करोना यायच्या आधी त्यांनी निरोपाचा एक कार्यक्रम ठरवला होता. तिकिटं स्वतः छापून स्वतः विकली होती, ओळखीच्या म्हाताऱ्या जर्मन लोकांना, क्लबात, बेकरीत. तीस डॉलरला एक, अशी एकाहत्तर तिकिटं गेली होती. त्या पैशातून हॉलचं भाडं भरलं, पियानोवाल्याला आगाऊ दिले, आणि उरले त्यातून नवी कवळी करून घेतली, कारण जुन्या कवळीतून गाताना शिट्टी वाजायची. मग सगळंच बंद झालं. हॉलवाल्यांनी पैसे परत न देता पुढची तारीख देऊ म्हणून सांगितलं. पियानोवाला फोन उचलेना. कवळी तोंडात होती.

ती गोष्ट त्यांना फार लागली होती. आमच्याकडे जत्रेची कमिटी फडाला सुपारी देते, आणि सुपारी घेतली की खेळ करायचा नाहीतर सुपारी परत करायची, तिसरी वाट नाही. आजोबांचंही तसंच होतं. मुलगी म्हणायची, "अख्खं जग बंद आहे, कोण मागतंय यांच्याकडे पैसे?" कुणी मागत नव्हतं, हे खरंच होतं.

शेवटी जावई म्हणाले, "आपण ऑनलाइन करून टाकू. आजोबा सुटतील." ते कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत, दिवसभर त्यांच्या मीटिंगा चालतात. सगळ्यांना लिंक गेली. रविवारी दुपारी तीनची वेळ ठरली. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात नवराबायकोचं बोलणं चाललं होतं.

जावई म्हणाले, "एवढी माणसं अनम्यूट म्हणजे मासळीबाजार. कुणाचा कुत्रा, कुणाचा टीव्ही. मी सगळ्यांना म्यूट करून लॉक करतो. मोठ्या मीटिंगला आम्ही असंच करतो."

"तुमच्या मीटिंगमध्ये कुणी हसतं तरी का?"

"हसण्यासारखं काही नसतं."

"तू बोलत असतोस ना, म्हणून."

म्यूट म्हणजे आवाज बंद, एवढं मला कळत होतं. मी कांदा चिरत होते. माझ्या ओठांवर आलं होतं, की सोंगाड्याला माणसांचा आवाज लागतो, आवाजाशिवाय तो आंधळा होतो. पण मग त्यांनी विचारलं असतं, आई, तुम्हाला काय माहीत? मी कांदा चिरत राहिले.

आजोबांचं सगळ्यात गाजलेलं गाणं बुटाचं होतं. एक माणूस हातात फुलं घेऊन बाईला मागणी घालायला निघाला आहे आणि त्याचा एक बूट सापडत नाही. तो बूट त्याच्याच कोटाच्या पाठीवर लटकत असतो. प्रत्येक कडव्यानंतर तो थांबतो आणि लोकांना विचारतो, माझा बूट पाहिलात का? लोक ओरडतात, मागे, मागे. तो मागे वळतो, बूटही त्याच्याबरोबर वळतो. लोक आणखी ओरडतात. असं पाच कडवी. शेवटी तो तसाच एका बुटाने बाईकडे जातो आणि ती बाई त्याला मिठी मारताना बूट शोधून देते.

कोटाच्या पाठीवर एक आकडा शिवलेला होता. त्याला बूट अडकवायला दुसरं माणूस लागतं. पूर्वी त्यांची बायको अडकवायची. त्या रविवारी त्यांनी मला खुणेने मागे त्यांच्या खोलीत बोलावलं आणि मी अडकवला. मुलीने लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर उंच मांडून दिला आणि बाळ उठलं म्हणून पुढच्या घरात गेली. तिथून ती फोनवर बघणार होती. जावईही पुढच्या घरातूनच त्यांच्या लॅपटॉपवर सगळं सांभाळणार होते. जाताना मला म्हणाले, "आई, तुम्ही बसा इथे. फक्त आवाज करू नका हं, माईक लगेच पकडतो."

मी दाराशी स्टुलावर बसले. स्क्रीनवर बारीक बारीक चौकोनांत म्हातारी माणसं दिसत होती. कुणी टाय लावला होता, एका बाईने लिपस्टिक लावली होती. आजोबा आले. पहिली दोन गाणी त्यांनी म्हटली. घाम आला होता, पण गाडी चालली होती. मग बुटाचं गाणं सुरू झालं. पहिलं कडवं संपलं, ते थांबले, हात कपाळाशी धरला आणि विचारलं.

काहीच आवाज नाही.

त्या चौकोनांत सगळी तोंडं उघडत होती आणि मिटत होती. माणसं बोटं दाखवत होती. लिपस्टिकवाली बाई तर उभीच राहिली होती. मला स्टुलावरून ते दिसत होतं. आजोबांना एवढ्या लांबून बारीक दिसत नव्हतं, कोट घातला की ते चष्मा लावत नसत. त्यांना फक्त फ्रीजची घरघर ऐकू येत होती. त्यांनी परत विचारलं. मग स्वतःच मागे वळले, गोल फिरले, आणि दुसरं कडवं म्हटलं. ते थोडं घाईत म्हटलं. परत थांबले. हात कपाळाशी.

मला इतकंच करायचं होतं, "मागे" म्हणायचं होतं. मराठीत म्हटलं असतं तरी त्यांना कळलं असतं. नुसतं हसले असते तरी चाललं असतं. हसू तर मला येतच होतं, त्या माणसाने फुलं अशी काही धरली होती की कुणालाही आलं असतं. मी पदर तोंडात घट्ट धरून बसले होते. आवाज करू नका म्हणून सांगितलं होतं, आणि नसतं सांगितलं तरी माझ्याकडून झालं नसतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार नाही, क्षणभर. त्यांना माझं अर्धं तोंड पदराने झाकलेलं दिसलं.

तिसरं कडवं त्यांना आठवलं नाही. ते टेबलाशी उभे राहिले. हातातली फुलं खाली ठेवली. मग कोट काढला, आकड्यावरून बूट सोडवला, खुर्चीवर बसून पायात घातला, नाडी नीट बांधली, आणि उठून लॅपटॉप मिटला.

मुलगी बाळाला तसंच कडेवर घेऊन धावत आली, तोवर झालं होतं. ती जावयांना हाका मारत होती. त्यांना ऑफिसचा फोन आला होता, काहीतरी बंद पडलं होतं, म्हणून ते अंगणात येरझाऱ्या घालत बोलत होते. आवाजाचं कुलूप त्यांच्याशिवाय कुणाला उघडता येत नव्हतं.

नंतर सगळ्यांनी समजावलं. जावयांनी दहा वेळा सॉरी म्हटलं. लोकांचे ईमेल आले, मुलीने वाचून दाखवले. आम्ही किती ओरडलो, किती हसलो, बूट काढून घातला तो शेवट तर फार सुरेख होता, असं एकाने लिहिलं होतं. आजोबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खेळ अर्धा राहिला."

जावई म्हणाले, "मग परत करू. सगळे अनम्यूट."

"आता ओळी गेल्या."

"चूक माझी आहे. तिकिटांचे पैसे मी देतो."

त्यावर आजोबा हसले. "तुझ्या ऑफिसात तू चूक केलीस तर पैसे शेजारी भरतो का?"

मुलगी म्हणाली, निदान अर्धे तरी परत करा, अर्धा झाला ना. ते म्हणाले, अर्ध्या विनोदाला पैसे नसतात. मुलीला आणि जावयांना हा हट्ट वाटला. मला वाटला नाही. माझ्या वडिलांचा एका हंगामात आवाज बसला होता. फडमालकाकडून घेतलेली उचल फेडायची राहिली. ती फिटेपर्यंत वडील गावात चावडीवरून गेले नाहीत, मागच्या पांदीने जायचे. हे मी जावयांना सांगितलं असतं तर त्यांनी आजोबांना समजावणं सोडलं असतं. मी सांगितलं नाही.

लॉकडाऊन उठला. लोक स्टेशनकडे, दुकानांकडे जायला लागले, बागेतल्या झोपाळ्यांवरच्या पट्ट्या निघाल्या. आजोबा फाटकाबाहेर पडले नाहीत. क्लब जवळ होता, बेकरी दोन स्टेशनं पुढे, पण तिथे तिकीट घेतलेलं कुणीतरी भेटलं असतं. दर पंधरवड्याला पेन्शन आली की ते आमच्या टेबलावर बसून पाकिटं करायचे, दोन, कधी तीन. नोटा घालायचे, एक ओळ लिहायचे, पत्ता लिहायचे. पोस्टाचं तिकीट चिकटवायचं काम माझं होतं. मुलगी ती पाकिटं पेटीत टाकून यायची. काही जणांनी पैसे परत पाठवले. आजोबांनी ते पुन्हा पाठवले. एका माणसाने तीनदा पाठवले, यांनी चारदा. शेवटी तो दमला.

त्यांनी त्यांचा ॲकॉर्डियन, गळ्यात अडकवून वाजवायची ती पेटी, विकायला काढला. मास्क लावलेला एक तरुण माणूस फाटकाशी येऊन घेऊन गेला. त्याने दोन सूर वाजवून बघितले, तेव्हा आजोबा कपडे काढायला तारेकडे गेले. तारेवर कपडे नव्हते.

मला एकच करता येत होतं, जेवायला घालणं. दुपारचं होतंच, मग संध्याकाळचा डबाही द्यायला लागले, म्हणजे त्यांचा खर्च वाचेल. जावई म्हणाले, "आई, आजोबांचं वजन वाढलं, बरं का." पण सोंग करणं त्यांनी थांबवलं होतं. लाडू दिला की लाडू खायचे. कधी झाडाखाली उभे राहून ओठ हलवताना दिसायचे. दोन कडव्यांपर्यंत यायचे आणि थांबायचे.

एकदा मी ठरवलं की सांगायचंच. जावयांनी माझ्या फोनमध्ये भाषा बदलणारं काहीतरी घालून दिलं होतं. मराठीत बोललं की फोन इंग्रजीत बोलतो. आजोबा जेवत होते, घरात तिसरं कुणी नव्हतं. मी फोन समोर धरला, बटण दाबलं. काय म्हणायचं ते दोन दिवस मनात जुळवलं होतं. मला हसू येत होतं, मी दाबलं, माझे वडील तुमच्याच कामातले होते. एवढंच. फोन माझी वाट बघत होता, त्यावर एक गोल ठिपका लहानमोठा होत होता. आजोबाही घास हातात धरून बघत होते. मी म्हटलं, "भाजीत मीठ कमी आहे का?"

फोनने ते त्यांना सांगितलं. ते काहीतरी बोलले आणि फोन मराठीत मला म्हणाला, "नाही, मीठ बरोबर आहे." मी फोन ओट्यावर पालथा ठेवला.

वर्ष उलटून गेलं. मधे शहर पुन्हा बंद झालं, पुन्हा उघडलं, बाळ चालायला लागलं. पाकिटं जात राहिली. पुढच्या वसंतात एका शनिवारी सकाळी आजोबांनी आमच्या पुढच्या दाराची बेल वाजवली. एरवी ते मागूनच येत. टाय लावला होता. हातात एक पाकीट आणि नावांची वही. पाकिटावर जावयांचं आणि मुलीचं नाव होतं, मुलीने ते वाचलं. या दोघांनीही तेव्हा तिकिटं काढली होती, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी आमचं पाकीट सगळ्यात शेवटी ठेवलं होतं.

जावई मागे सरकले. म्हणाले, "अरे नाही, प्लीज. माझ्यामुळेच झालं ते सगळं. हे मी कसं घेऊ?" मुलगीही नको नको म्हणायला लागली. आजोबा पाकीट पुढे धरून उभे होते. माझे वडील मालकापुढे शेवटचे पैसे धरून असेच उभे राहिले असतील.

मी दोघांच्या मधून पुढे गेले आणि दोन्ही हातांनी ते पाकीट घेतलं. जावई म्हणाले, "आई?" मी आजोबांसमोरच पाकीट उघडलं आणि नोटा मोजल्या, कारण न मोजता घेतलं तर ते दिल्यासारखं होत नाही. साठ डॉलर होते, बरोबर. मी मान हलवली. आजोबांनी दाराच्या चौकटीवर वही टेकवली, पेन्सिलीने शेवटच्या नावावर रेघ मारली आणि पान माझ्याकडे फिरवून दाखवलं. मला ती नावं वाचता येत नव्हती, पण रेघ सगळ्यांवर होती. पैसे फिटले होते.